संगणकाला कार्ड रीडर दिसत नाही? आधी बिघाड कुठे आहे ते ओळखा

कार्ड रीडर म्हणजे कॅमेऱ्याचं किंवा फोनचं मेमरी कार्ड संगणकाला जोडणारं छोटं उपकरण. विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी आणि लग्नाच्या मोसमात पुण्यात ही तक्रार हमखास येते: "रीडर लावलाय, पण काही येतच नाही." या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत. नवीन रीडर आणूनही जेव्हा काम होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा बिघाड रीडरमध्ये नसतोच. म्हणून खटपट सुरू करण्याआधी स्क्रीनवर नेमकं काय होतंय ते नीट पाहा.

लक्षणं

रीडर जोडला तरी संगणक आवाज करत नाही, नवीन ड्राइव्ह येत नाही, किंवा कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी पट्टी येते. इथे बहुतेक वेळा कार्डाचा संबंधच नसतो. रीडर आणि संगणक यांच्यातच संपर्क होत नाहीये.

दुसरा प्रकार: जोडल्याचा आवाज येतो, ‘रिमूव्हेबल डिस्क’ही दिसते, पण तिच्यावर क्लिक केलं की ‘प्लीज इन्सर्ट अ डिस्क’. म्हणजे संगणकाला रीडर कळला, रीडरला कार्ड कळलं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत हा प्रकार सर्वांत जास्त.

तिसरा: कार्ड दिसतं, पण ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ असा संदेश येतो. रीडर बहुधा ठीक आहे. कुठली फाइल कुठे आहे याची कार्डावरची नोंद खराब झाली आहे, किंवा ती ज्या पद्धतीने लिहिली आहे ती या संगणकाला वाचता येत नाही.

चौथा: सगळं दिसतं, कॉपी सुरू होते आणि मध्येच ड्राइव्ह गायब होते. वायरला हात लागला की परत येते. हा सैल जोडाचा किंवा कमी पडणाऱ्या विजेचा मामला.

कार्डावर एकुलती एक प्रत असेल तर

साधा रीडर काही शे रुपयांत मिळतो. त्यामुळे कुठलीही तपासणी करताना जपायचं ते कार्डाला. ज्या कार्डावर अजून कुठेच न उतरवलेले फोटो आहेत, ते तपासणीसाठी वापरू नका. घरातलं एखादं रिकामं, चालू कार्ड घ्या आणि सगळे प्रयोग त्यावर करा.

कॅमेऱ्यात फोटो दिसत असतील तर कार्ड शाबूत आहे. कॅमेरा पूर्ण चार्ज करा, त्याच्या केबलने थेट संगणकाला जोडा आणि फोटो उतरवून घ्या. कॅमेरा हाही एक रीडरच आहे, हे घाईत अनेकांच्या लक्षात येत नाही. फोटो एकदा दोन ठिकाणी उतरले की रीडरचं काय ते सावकाश बघता येतं.

मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला लॉकची छोटी पट्टी असते. ती खाली, म्हणजे ‘लॉक’च्या बाजूला सरकवून मगच कार्ड रीडरमध्ये घाला. कार्ड उघडताच विंडोज त्यावर स्वतःच्या काही नोंदी लिहू शकतं, आणि बिघडलेल्या कार्डावर नवीन काही लिहिलं जाणं हेच तर टाळायचंय.

फुकटच्या तपासण्या

सुरुवात रिकाम्या रीडरपासून. कार्ड काढा आणि नुसता रीडर जोडा. आवाज आला तर रीडर आणि संगणक यांचा संपर्क आहे. आता लक्ष कार्ड आणि ते घालायची खाच यांच्याकडे. आवाज आला नाही तर कार्डाला हात लावण्याची गरजच नाही. या एका कृतीने निम्मी शोधाशोध वाचते.

मग पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. पुढची पोर्ट आतून एका वायरीने बोर्डाला जोडलेली असतात. ती वायर सैल असते, जुनी असते, कधी कॅबिनेट जोडणाऱ्याने नीट बसवलेलीच नसते. लॅपटॉपवर हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा जोड) वापरत असाल तर तो बाजूला ठेवून रीडर थेट लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतं, यूएसबी ३.० पोर्ट ९०० पर्यंत. एकाच हबवर माउस, हार्ड डिस्क आणि रीडर लावले की ती सगळ्यांत वाटली जाते, आणि रीडर मधूनच तुटायला लागतो. टाइप-सी रीडर असेल तर उलटा करूनही लावून पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंना संपर्कपट्ट्या असतात. एकाच बाजूने चालत असेल तर पोर्ट किंवा प्लग झिजला आहे, आणि तो लवकरच दुसऱ्या बाजूनेही जाणार.

"पण त्यावरचा लाइट तर लागतोय!" हे मला रोज ऐकायला मिळतं. लाइट लागला म्हणजे वीज पोचली, एवढंच. साध्या यूएसबीत चार संपर्क असतात: दोन विजेचे, दोन डेटाचे. डेटाचे तुटले तरी लाइट छान लागतो. रीडरची केबल वेगळी काढता येत असेल तर ती बदलून बघा. चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा मुळातच नसतात, आणि बाहेरून ते ओळखू येत नाही.

यानंतर संगणक रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करू नका, रीस्टार्टच करा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असली की शट डाउन करताना ड्रायव्हरची (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

अडॅप्टर, खाच आणि धूळ

रीडर दिसतो पण कार्ड दिसत नाही, अशा वेळी माझा पहिला संशय अडॅप्टरवर असतो. मायक्रो एसडी कार्ड मोठ्या खाचेत घालायला जो प्लॅस्टिकचा अडॅप्टर वापरतात, त्यात एकही चिप नसते. नुसत्या धातूच्या पट्ट्या असतात. कार्ड सारखं आत-बाहेर केलं की त्या पट्ट्या दबून राहतात आणि कार्डाला टेकेनाशा होतात. नव्या कार्डाबरोबर आलेला एखादा अडॅप्टर कपाटात पडून असतोच, तो वापरून पाहा. रीडरला मायक्रो एसडीची स्वतंत्र खाच असेल तर अडॅप्टर काढून कार्ड थेट तिथे घाला.

कार्ड पूर्ण आत गेलंय का तेही पाहा. काही खाचांमध्ये दाबल्यावर टक् असा आवाज येतो, काहींमध्ये नुसतं सरकवायचं असतं. कार्ड आत आलं आहे हे रीडरला कळतं ते खाचेच्या आतल्या एका बारीक कळीमुळे. कार्ड तिरकं घुसवल्याने ती कळ वाकली तर रीडर संगणकाला व्यवस्थित दिसतो, पण कुठलंही कार्ड घाला, उत्तर एकच: ‘प्लीज इन्सर्ट अ डिस्क’. दोन चांगली कार्डं घालूनही हाच संदेश आला तर रीडर बदला. ती कळ सरळ करण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. लॉकच्या पट्टीची जागा ओळखायलाही खाचेतच सोय असते, म्हणून एखादं कार्ड एका रीडरमध्ये ‘राइट प्रोटेक्टेड’ दाखवतं आणि दुसऱ्यात मोकळं. तिथेही कार्ड निर्दोष असतं.

आता सफाई. पुण्यात हिचं महत्त्व जास्त आहे, कारण आपल्याकडे कॅमेरे गुलालात फिरतात आणि जून ते सप्टेंबर ओल्या बॅगांत राहतात. मिरवणुकीनंतर कार्ड काढताना बोटांना लागलेला गुलाल कार्डाबरोबर खाचेत जातो. तो आधी कोरडाच उडवायचा. लेन्ससाठी असतो तो रबरी ब्लोअर चांगला. तोंडाने फुंकू नका, श्वासातला ओलावा आत जातो आणि गुलालाचा चिखल होऊन संपर्कांवर बसतो. रंग निघून गेल्यावर मगच कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळतं. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास सहज मिळेल. जवळपास निर्जळ असलेलंच घ्या. धागे न सुटणाऱ्या कापडावर एखादा थेंब, हलका हात, आणि पूर्ण वाळू द्यायचं.

सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि बरेचदा ग्लिसरीन असतं. खोडरबराने पट्ट्या चमकतात खऱ्या, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो घासला जातो, आणि रबराचा चुरा खाचेत जाऊन नवीन त्रास सुरू होतो. टाचणी तर खाचेत कधीच घालू नका.

पावसात सिंहगडावरून आल्यावर ओलं कार्ड लगेच रीडरमध्ये घालू नये. कोरड्या कापडाने टिपून, पंख्याखाली किंवा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवा. पाण्याने कार्ड सहसा मरत नाही. ओलं असताना वीज दिल्याने मात्र ते मरू शकतं.

जुन्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांचं वेगळं सांगायला हवं. त्यांच्या रीडरमध्ये ५० बारीक पिना असतात आणि त्या कार्डात शिरतात. एक वाकली की कार्ड दिसत नाही, आणि जोर लावला तर कार्डाचंही भोक बिघडतं. टॉर्च मारून आत बघा. पिन वाकलेली दिसली की तो रीडर बाद.

अदलाबदल

इथपर्यंत येऊनही उलगडा झाला नसेल तर शेजाऱ्याकडून, मित्राकडून दुसरा रीडर आणि दुसरा संगणक मिळवा. तुमचा रीडर दुसऱ्या संगणकावर चालला तर दोष तुमच्या संगणकात. दुसरा रीडर तुमच्या संगणकावर चालला तर दोष रीडरमध्ये. रिकामं चालू कार्ड सगळीकडे दिसतं आणि तुमचं कुठेच दिसत नाही, तर दोष कार्डात, आणि तुम्ही खालच्या ‘इथे थांबा’ या भागाकडे जा. हे न करता नवीन ड्रायव्हर शोधणं किंवा विंडोज पुन्हा टाकणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

एका रीडरला कार्ड दिसतं आणि दुसऱ्याला नाही, याचं उत्तर कधी रीडरच्या आणि कार्डाच्या वयात असतं. २ जीबीपर्यंतची साधी एसडी, २००६ साली आलेली ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी, २००९ साली आलेली २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी: तिन्ही कार्डं दिसायला एकसारखी, एकाच खाचेत बसणारी. नवीन रीडर जुनी कार्डं वाचतो, पण फार जुना रीडर नवीन कार्ड वाचत नाही. एखाद्या फोटो लॅबमधल्या जुन्या रीडरला ६४ जीबीचं कार्ड दिसलं नाही तर त्यात बिघडलेलं काहीच नसतं. एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात. विंडोज एक्सपीला तीसाठी वेगळं अपडेट लागायचं, विंडोज ७ पासून ती आतच आहे, मॅकवर १०.६.५ पासून. जुन्या यंत्रावर ‘फॉरमॅट करा’ असं येतं ते या कारणानेही.

संगणकाच्या आत

रीडर चांगला आहे पण याच संगणकावर ड्राइव्ह दिसत नाही, असं ठरलं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे कार्ड दिसतं पण त्याला अक्षर नसतं, असं बरेचदा होतं. कधी अक्षर असूनही कार्ड दिसत नाही: ऑफिसच्या सर्व्हरचा एखादा फोल्डर ई किंवा एफ या अक्षराने जोडलेला असला की कार्डालाही तेच अक्षर मिळू शकतं आणि ते झाकलं जातं. कार्डाच्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून पुढचं एखादं मोकळं अक्षर द्या. याने कार्डावरच्या फाइलींना काही होत नाही. ‘इनिशियलाइज’, ‘फॉरमॅट’, ‘डिलीट व्हॉल्यूम’ या शब्दांपासून मात्र लांब राहा. तिथे ‘नो मीडिया’ लिहिलेलं दिसलं तर अक्षराचा प्रश्न नाही. कार्ड रीडरपर्यंत पोचलेलंच नाही, मागे खाचेकडे जा.

रिकाम्या ड्राइव्ह लपवण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच चालू असते. त्यामुळे कार्ड नसताना ‘धिस पीसी’मध्ये काही दिसलं नाही म्हणून रीडर मेला असं समजू नका.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही काही नसेल तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडा. पिवळं त्रिकोणी चिन्ह असलेलं उपकरण शोधा, राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, रीडर काढा, रीस्टार्ट करा, पुन्हा लावा. यूएसबी रीडरला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये, मॅकमध्ये आणि लिनक्समध्ये आधीच असतो. तो डाउनलोड करायला सांगणाऱ्या संकेतस्थळांवर जाऊ नका, तिथून नको ते सॉफ्टवेअर घरात येतं. अपवाद लॅपटॉपच्या अंगच्या खाचेचा: तिला अनेकदा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पानावरचा ड्रायव्हर लागतो. काही लॅपटॉपमध्ये ती खाच बायोसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) बंदही करता येते, तीही सेटिंग एकदा पाहा.

संगणक स्लीपमधून उठल्यावरच रीडर गायब होत असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. व्हेंचुरा किंवा पुढचं मॅकओएस असलेल्या ॲपलच्या नव्या चिपच्या लॅपटॉपवर रीडर लावला की परवानगी विचारणारी चौकट येते. घाईत ती नाकारली की रीडर दिसत नाही.

हिंजवडी किंवा खराडीला नोकरी करणाऱ्यांसाठी: ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरची साठवण कंपनीनेच बंद केलेली असू शकते. रीडर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नीट दिसतो, पण ड्राइव्ह उघडत नाही किंवा ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. हा बिघाड नाही आणि त्याला वळसा घालू नका. घरचा संगणक वापरा किंवा कंपनीच्या आयटी विभागाला विचारा.

‘फॉरमॅट करू का?’

मला येणारा सर्वांत घाबरवणारा फोन हाच. "दादा, फॉरमॅट करायचं का विचारतंय. ओके दाबू?"

"नको. कॅन्सल करा, कार्ड बाहेर काढा आणि मला सांगा, हे कार्ड कशातून काढलंय?"

या प्रश्नाच्या उत्तरानेच अनेकदा काम होतं. अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडता येतं. असं कार्ड त्या फोनच्या किल्लीने कूटबद्ध होतं आणि दुसऱ्या कुठल्याही संगणकाला ते कोरं वाटतं. ते त्याच फोनमध्ये परत घालायचं आणि फोनमधून फोटो उतरवायचे. फॉरमॅट केलं किंवा फोन रीसेट केला तर ते फोटो गेले. इंजिनिअरिंगची मुलं रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं कार्ड आणतात. विंडोजला त्याचा छोटा बूट विभाग तेवढा दिसतो, लिनक्सचा मोठा विभाग कळत नाही, आणि तो फॉरमॅट करायचा आग्रह धरतं. कार्ड ठणठणीत असतं. काही डॅशकॅम आणि सीसीटीव्हीही स्वतःच्याच पद्धतीने लिहितात.

कार्ड साध्या कॅमेऱ्यातलं असेल, फोटो कॅमेऱ्यातही दिसत नसतील आणि कार्डाची क्षमता मात्र बरोबर दाखवत असेल, तर घरी एक प्रयत्न करता येतो. आधी कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे सगळ्या कार्डाची एका फाइलमधली नक्कल, संगणकावर उतरवायची. लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ यासाठी उत्तम. मग ‘फोटोरेक’ या मोफत प्रोग्रॅमने त्या प्रतिमेतून फोटो शोधायचे. सापडलेले फोटो त्याच कार्डावर कधीही साठवायचे नाहीत. ‘चेक डिस्क’ चालवू नका: तो नोंदी दुरुस्त करण्याच्या नादात कार्डावर लिहितो आणि अर्धवट फाइलींचे तुकडे करून ठेवतो. हे वाचताना हात अडखळत असेल तर इथेच थांबा, कार्ड बंद डबीत ठेवा. नुसतं पडून राहिल्याने चार दिवसांत त्याचं काही बिघडणार नाही.

इथे थांबा

कार्ड घातल्यावर काही सेकंदांत चटका बसण्याइतकं गरम होत असेल तर लगेच काढा आणि पुन्हा कुठेही घालू नका. आत शॉर्ट झालंय. प्रत्येक प्रयत्नाने आतली मेमरी जळण्याची शक्यता वाढते. पोर्टवर ‘पॉवर सर्ज’चा संदेश आला तरी तेच.

कार्ड दोन चांगल्या रीडरमध्ये आणि दोन संगणकांवर दिसत नसेल, किंवा ६४ जीबीचं कार्ड शून्य किंवा काही एमबी दाखवत असेल, तर बहुधा त्याचा कंट्रोलर (कार्ड चालवणारी आतली चिप) गेला आहे. कुठलंही सॉफ्टवेअर तिथे पोचू शकत नाही, कारण वाचायला समोर काही येतच नाही. तडा गेलेलं कार्ड फेविक्विकने चिकटवू नका. मायक्रो एसडीमध्ये कंट्रोलर आणि मेमरी एकाच तुकड्यात असतात; प्रयोगशाळेत वरचा थर खरवडून आतल्या बिंदूंना केसाएवढ्या तारा जोडून डेटा काढतात, आणि गोंद त्या कामात आडवा येतो.

संगणकाच्या बाजूने थांबायची जागा अशी: सगळ्याच पोर्टांवर सगळीच उपकरणं नाकारली जातात, पोर्टमधली जीभ वाकली आहे, किंवा लॅपटॉपची खाच उघडावी लागणार आहे. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटर, नसेल तर बोर्डाचं काम करणारा कारागीर. डेस्कटॉपच्या पुढच्या रीडरची वायर मदरबोर्डवर पुन्हा बसवणं घरी जमतं, पण प्लग काढून, आणि मूळ कनेक्टर कसा बसला होता त्याचा आधी फोटो घेऊन.

डेटा काढून देणाऱ्याकडे कार्ड नेताना अडॅप्टर आणि रीडरही बरोबर न्या. कार्ड कशात होतं, शेवटचं कधी चाललं, फॉरमॅट दाबलं गेलं का, कुठला प्रोग्रॅम चालवला का, हे खरं खरं सांगा. लपवलेल्या एका गोष्टीने त्याचे तास वाया जातात. कार्ड हातातून सोडण्याआधी तुम्हीही त्याला विचारा: तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा मिळाला नाही तर किती द्यायचे, मूळ कार्ड परत मिळेल का, आणि पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का.